आवाज ठेवायचा कशात?

आमच्या वाळूजच्या घरात मागच्या पडवीत एक जाते आहे. रोजचे दळण त्यावर होत नाही. गावात गिरणी आली त्याला माझ्या वयाहून अधिक वर्षे झाली, आणि औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून तयार पिठाच्या पिशव्या दुकानोदुकानी लटकू लागल्या. परंतु घरात लग्नकार्य निघाले आणि हळद दळायची वेळ आली, की जाते पुसले जाते, त्याच्या खुंट्याला आंब्याची पाने बांधली जातात, आणि माझी मोठी माय, म्हणजे थोरली चुलती, पदर खोचून त्याच्यापुढे बसते. तिने ऐंशी ओलांडली. एरवी दोन पायऱ्या चढली तरी तिला दम लागतो. मात्र जात्याला हात लागला, की कुठून आवाज येतो कोण जाणे! ओवीमागून ओवी येते, आणि एक दुसरीसारखी नसते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने माडीवरच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय करायचे मनावर घेतले. तो वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीने काम करतो, आणि उरलेल्या वेळात गाण्यांना चाली लावतो. भिंतींना जुन्या गोधड्या लावून झाल्या, एक बऱ्यापैकी मायक्रोफोन आला, संगणक होताच. अडले ते एका जागी. आवाज संगणकात घेणे, कापणे, जोडणे, एकावर एक थर चढवणे, हे सारे ज्याच्या आधाराने करायचे ते सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? त्याला ‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’ असे भारदस्त नाव आहे. मित्रांपैकी चौघांनी चार नावे सांगितली, आणि प्रत्येकाने उरलेली तीन निकामी ठरवली. शेवटी तो मजकडे आला.

“काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, इतिहास शिकवता. मला एवढं सांगा, कोणतं घ्यायचं?”

माझे पदार्थविज्ञान दहावीच्या पुढे गेलेले नाही. तरी त्याला वाटेला लावून देणे मला जमले नाही. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

सात वर्षांपूर्वी माझी आई गेली. तिच्या अखेरच्या वर्षात मी आणि याच पुतण्याने, तेव्हा तो शाळेत होता, तिच्या पंधरावीस ओव्या संगणकात मुद्रित केल्या होत्या. पुढे संगणक बिघडला. दुरुस्तीला देण्याआधी पोराने मोठ्या काळजीने ते काम एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले, आणि दुरुस्तीत संगणकातले सारे पुसले गेले. महिन्याभराने आम्ही ते काम उघडले. पडद्यावर ओळीने चौकटी दिसल्या: ‘माय १’, ‘माय २’, ‘माय ३’. कोणती ओवी किती लांब, कोठे कापली, कोठे आवाज वाढवला, सगळे जागच्या जागी होते. फक्त आवाज नव्हता. अशा सॉफ्टवेअरात काम साठवणारी एक फाईल असते. तिच्यात पुष्कळदा केवळ कापण्याजोडण्याचा हिशेब असतो. प्रत्यक्ष आवाज शेजारच्या दुसऱ्या कप्प्यात असतो. आम्ही वही उचलली होती आणि धान्य मागे राहिले होते. यात दोष कोणाचाही नाही. आमच्या अज्ञानाचा आहे. परंतु त्या दिवसापासून ‘आवाज ठेवायचा कशात’ हा प्रश्न माझ्या लेखी केवळ यंत्राचा राहिला नाही.

इतिहासाच्या मास्तराला कोणताही प्रश्न पडला, की तो मागे वळून पाहतो. मीही पाहिले. तेव्हा ध्यानात आले, की हा प्रश्न आपल्या देशात सव्वाशे वर्षे जुना आहे, आणि प्रत्येक पिढीने त्याला आपापल्या ऐपतीप्रमाणे उत्तर दिले आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक विल्यम गायसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यात आपली यंत्रे घेऊन बसला होता. विजेचा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात यायला अजून वीसबावीस वर्षांचा अवधी होता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालूनच गायचे. त्या आवाजाच्या धक्क्याने सुई थरथरे आणि मेणावर रेघ ओढली जाई. तेथे गौहरजान गायली, आणि गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगून मोकळी झाली. त्या नावाची पुढे पुष्कळ कौतुके झाली. मूळ कारण मात्र साधे होते. मेणाचे ठसे जर्मनीतील हानोव्हरला जात आणि तबकड्या तेथे छापल्या जात. तेथील कामगारांना हिंदुस्थानी गाणे कळणार कसे? कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाची चिठ्ठी लावायची, हे त्यांना समजावे म्हणून नाव गाण्यातच बांधून पाठवावे लागे. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा हा प्रवास थांबला. त्या तबकड्यांत लाख घातली जाई, आणि ती लाख बहुतांशी आपल्याच जंगलांतून जाई. लाख आपली, गळा आपला, छपाई तेवढी परक्याची. त्या काळच्या इतर अनेक व्यवहारांसारखाच हाही व्यवहार.

तबकडीने गाणे ठेवले, हे खरेच. पण ठेवताना तिने गाण्याला आपल्या मापाने कापले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनसव्वातीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे. बालगंधर्वांचे पद ‘वन्स मोअर’च्या गजरात रंगभूमीवर कितीही लांबो, तबकडीवर ते तीन मिनिटांतच आटोपले पाहिजे. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला आलाप आवरून ताना उरकाव्या लागत. पुष्कळांना ते मानवले नाही. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ १९४६ मध्ये वारले. त्यांचा आवाज कोठेही मुद्रित होऊन राहिलेला नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर, यांनीही ध्वनिमुद्रण मोजकेच होऊ दिले. पण दैवाचा खेळ असा, की त्यांचीच एक भैरवी, उणीपुरी साडेतीन मिनिटांची, १९७७ मध्ये अमेरिकेच्या दोन ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोनेरी तबकडीवर चढली आणि आज सूर्यमालेच्या पल्याड चालली आहे. गुरूचा आवाज मिरजेत वा मुंबईतही ऐकायला मिळत नाही. शिष्येचा अंतराळात आहे. दोहोंमधले अंतर गाण्याच्या थोरवीचे नव्हे. एकाचा आवाज कोणी भांड्यात धरला नाही, दुसरीचा धरला, एवढेच.

सांगण्याचा मुद्दा हा, की आवाजाचे भांडे कधीही निव्वळ भांडे नसते. ते आपला आकार आवाजाला देते. कोणाचा आवाज ठेवायचा, हेही भांड्याचा मालकच ठरवतो. तबकडी महाग, यंत्र महाग, कंपनी मोजकी. तेव्हा जात्यावर बसलेल्या बाईला कर्ण्यापुढे कोण नेणार होते?

ही कोंडी फुटली ती फितीने. चुंबकीय फितीवर आवाज घेणारे यंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांपुढे आले. महायुद्धानंतर ते जगभर पसरले, आणि आवाज कात्रीने कापता येतो, चिकटवता येतो, हे पुष्कळांना कळले. पण सामान्यांच्या हाती फीत आली ती १९६३ मध्ये फिलिप्सने काढलेल्या कॅसेटच्या रूपाने. आपल्याकडे तिचा पूर आला १९८० नंतर. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूस तीस मिनिटे. पोवाडा श्वास घेऊन म्हणता येऊ लागला, भारूड पुरते होऊ लागले. शाहिरांची भीमगीते, प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी, गावोगावच्या भजनी मंडळांचे अभंग, असे जे तबकडीच्या उंबऱ्याबाहेर राहिले असते, ते एस.टी.च्या थांब्यावर विकायला आले. माझ्या लहानपणी आषाढीला आमच्या शेजारच्या छोट्या पंढरपुरात जत्रा भरे, आजही भरते. प्रसादाच्या दुकानांच्या रांगेत कॅसेटांची दुकाने असत, आणि तीन दुकानांतले तीन विठ्ठल एकाच वेळी कानावर आदळत. त्या गोंगाटात एक समता होती, असे आता वाटते.

आणि याच फितीच्या काळात पुण्यात एक काम उभे राहिले, ज्याची ओळख प्रत्येक मराठी घराला असायला हवी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. हजारभर गावे पालथी घालून, एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या चमूने लिहून काढल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. ओव्यांची संगणकावर नोंद झाली, आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण डिजिटल फितीवर झाले. आमच्याच मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या १९९६ मध्ये अशाच मुद्रित झाल्या. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. परंतु काम बुडाले नाही. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या, गाणाऱ्या बाईच्या नावागावासह, जगापुढे ठेवायला आरंभ केला. यंत्रे बदलली, फिती गेल्या, माणसे गेली. ओव्या मात्र एका भांड्यातून दुसऱ्यात ओतता आल्या, म्हणून उरल्या. आमच्या घरी जे घडले, त्याच्या नेमके उलट.

आता संगणकाकडे येऊ. संगणक आवाज ठेवतो तो आकड्यांनी. एका सेकंदात ४४,१०० वेळा तो आवाजाची उंची मोजतो आणि टिपून ठेवतो. हा चमत्कारिक आकडा कोठून आला? आरंभी आकड्यांतला आवाज ठेवायला योग्य फीत नव्हती, म्हणून चित्रफितीची यंत्रे वापरली. दूरचित्रवाणीच्या चित्राच्या एका पडद्यात वापरता येणाऱ्या २४५ रेघा, सेकंदाला ६० पडदे, दर रेघेत ३ मोजण्या. गुणाकार करून पाहावा. १९८२ मध्ये सी.डी. बाजारात आली तीच हा आकडा घेऊन. भांडे आकार देते म्हणतात ते असे!

१९८९ मध्ये अमेरिकेत डिजिडिझाइनचे ‘साउंड टूल्स’ आणि जर्मनीत स्टाइनबर्गचे ‘क्यूबेस’ निघाले. पहिले आवाज कापायचे, दुसरे वाद्यांचे सूर नोंदवायचे. १९९१ मध्ये ‘साउंड टूल्स’चे ‘प्रो टूल्स’ झाले, आणि चार पदर एकत्र विणता येऊ लागले. तेव्हा हे सारे धनवंतांच्या स्टुडिओतले वैभव होते. १९९६ मध्ये क्यूबेसने बाहेरच्या कोणालाही आपल्यात संस्काराची नवी अवजारे बसवता येतील अशी सोय केली. २००० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेले ‘ऑडॅसिटी’ फुकट वाटले गेले. २००४ मध्ये ॲपलचे ‘गॅरेजबँड’ आले. २००६ मध्ये ‘रीपर’ आले. ज्या जस्टिन फ्रँकेलने त्याआधी ‘विनॲम्प’ करून साऱ्या जगाला संगणकावर गाणी ऐकवली होती, त्याचेच हे काम. गायसबर्ग बोटीतून पेटारे भरून यंत्रे घेऊन आला होता. ती सगळी आज वाळूजच्या माडीवर एका टेबलावर मावतात.

मग निवडायचे काय? सर्वांत ‘आवाज चांगला’ कोणाचा, यावर पुतण्याचे मित्र हातघाईला आले होते. वास्तविक, आकडे ठेवणे आणि त्यांची बेरीज करणे, हे सगळीच सॉफ्टवेअरे सारखेच नीट करतात. आवाज बिघडतो तो खोलीत, मायक्रोफोनच्या जागेत आणि गाणाऱ्याच्या घाबरण्यात. पारखायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मला त्या तीन दिसतात.

पहिली, कानात परत येणाऱ्या आवाजाचा उशीर. संगणक आवाजाचे आकडे गठ्ठ्यांनी उचलतो. गठ्ठा १,०२४ आकड्यांचा असेल, तर त्यातच तेवीस सहस्रांश सेकंद जातात. म्हणजे गाणाऱ्याला आपलाच आवाज पंचवीस फुटांवरून आल्यासारखा भासतो. गठ्ठा १२८ चा केला, तर तीन फुटांवरून. म्हाताऱ्या माणसाला पंचवीस फुटांवरचा स्वतःचा आवाज गोंधळवतो. तेव्हा आपल्या जुन्या संगणकावर लहान गठ्ठ्यानेही जे अडखळत नाही, ते सॉफ्टवेअर आपले.

दुसरी, लयीची चौकट. यांतली बहुतेक सॉफ्टवेअरे उघडली, की मिनिटाला १२० ठोके आणि चारचाराचे खण आधीच आखून ठेवलेले असतात. नाचगाण्याला ते सोयीचे. पण जात्याच्या तोंडात मूठभर दाणे पडले, की दगड जड होतो आणि ओवी मंदावते. दाणे दळून गेले, की दगड हलका होतो आणि ओवी धावते. ही लय दाण्यांची आहे, घड्याळाची नव्हे. पोराने पहिल्या दिवशी मोठ्या मायच्या दोन ओव्या घेतल्या आणि एका कळीसरशी त्या खणांत सरळ बसवून दाखवल्या. ऐकून ती म्हणाली, “ही कोन बाई गाती रे? हिच्या जात्यात दानंच न्हाईत.” मी इतकी नेमकी टीका आजवर कोणत्याही मासिकात वाचलेली नाही. तबकडीने आपल्या गाण्याला आखूड केले, तर ही चौकट त्याला सपाट करील. खण पुसता येतात, ठोका बंद करता येतो. ज्यात ते सहज करता येते आणि आपण आठवणीने करतो, ते चांगले.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी, बाहेर पडायची वाट. ‘केकवॉक’ची हकिकत बोलकी आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत निघालेले हे सॉफ्टवेअर हजारो घरांत रुजले. पुढे मालकी बदलत गेली. २०१३ मध्ये ते गिटारी बनवणाऱ्या गिब्सनकडे आले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात गिब्सनने त्याचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. तीस वर्षे ज्यांनी त्यात गाणी रचली, त्यांना एका रात्रीत प्रश्न पडला, की उद्या ती उघडायची कशात? २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेऊन पुन्हा चालू केले, म्हणून निभावले. प्रत्येकाचे निभावेलच असे नाही. सॉफ्टवेअर हे भाड्याचे घर समजावे. राहावे, रंगवावे, पण दागिने त्याच्या भिंतीत चिणू नयेत.

या तीन कसोट्या लावून आम्ही ‘रीपर’ घेतले. साठ दिवस वापरून पाहता येते, पुढे घरगुती परवाना साठ डॉलरांना मिळतो, जुन्या संगणकावर ते हलके चालते, आणि त्याची हिशेबाची फाईल साध्या अक्षरांत लिहिलेली असल्याने कोणालाही उघडून वाचता येते. ज्याला केवळ आजीचा आवाज घ्यायचा आहे, त्याला फुकटचे ऑडॅसिटी पुरेल. परंतु निवडीहून मोठी गोष्ट आम्ही ठरवली ती नियमाची. ज्या दिवशी मुद्रण, त्याच रात्री प्रत्येक पदर आरंभापासून शेवटपर्यंत, न कापता, साध्या ‘वेव्ह’ फाईलमध्ये वेगळा काढायचा. हे स्वरूप १९९१ पासून चालत आले आहे आणि जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरला वाचता येते. उत्तम प्रतीच्या एका पदराला तासाला अर्धा गिगाबाइटच लागतो. आजच्या मानाने पसाभर जागा. तीन प्रती, तीन ठिकाणी, त्यांतली एक घराबाहेर.

मुद्रण पहाटे तीनला केले. नगर रस्त्यावरच्या मालमोटारी त्या वेळी जरा विरळ असतात, आणि पाळी सुटायला अवकाश असतो. जाते माडीवर नेणे शक्य नव्हते, म्हणून मायक्रोफोनच पडवीत आणला. पुतण्या म्हणाला, “काका, जात्याची घरघर फार येतेय. नंतर काढून टाकतो, कळ आहे तशी.” मी म्हटले, ठेव. गवयाचा तंबोरा आपण काढून टाकतो का?

आणि गौहरजानची युक्ती मी उचलली. हानोव्हरचा कामगार आणि आमच्या घरात पन्नास वर्षांनी जन्मणारे मूल, दोघेही सारखेच परके. त्यांना नाव सांगितले पाहिजे. मी म्हटले, “मोठी माय, ओव्या झाल्या, की तुझं नाव आन् गाव सांग.”

ती थांबली. “कोनतं नाव सांगू? सासरचं का माहेरचं?”

लग्नात नाव बदलायची चाल आमच्याकडे होतीच. पण हिचेही बदलले असेल, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. चाळीस वर्षे मी तिला मोठी मायच म्हणत आलो. शेवटची ओवी संपली, दगड थांबला, आणि तिने माहेरचे नाव सांगितले, गाव सांगितले, मग सासरचे सांगितले. घरात ते पहिले नाव आम्ही कोणीच ऐकलेले नव्हते. पुतण्याने मुद्रण थांबवले, आणि चहा टाकायच्या आधी तीन प्रती काढून झाल्या.